घड्याळाला शिंगांचा रंग

जळकोटच्या शिवारात बब्रुवान आणि धनाजी या सख्ख्या भावांची विहीर एक होती, मोटर एक होती आणि घड्याळही एकच होतं. विहीर-मोटर सामाईक असल्याचं कुणाला नवल वाटायचं नाही. घड्याळ सामाईक म्हटलं की मात्र ऐकणारा एकदा तरी विचारायचाच, "म्हंजे कसं?"

म्हणजे असं. शेतीची लाईट दिवसातून आठ तास, आणि ती कधी येईल हे फक्त लाईटलाच ठाऊक. सकाळी आठची म्हणून सांगितलेली लाईट साडेनऊला उगवायची आणि मधेच कुठंतरी चहाला गेल्यासारखी तासभर गायब व्हायची. असल्या लाईटवर "आठ ते बारा तुझं, बारा ते चार माझं" अशी वाटणी टिकत नाही. म्हणून आबांनी, म्हणजे या दोघांच्या वडिलांनी, हयात असतानाच एक तोड काढली होती. आबांच्या मनगटावर जावयानं दुबईहून आणलेलं दांडगं घड्याळ असायचं. त्याच्या काचेभोवती बोटानं फिरवता येईल असं काळं कडं होतं. कड्यावर पांढऱ्या रंगात एक ते अकरा आकडे आणि बाराच्या जागी लाल त्रिकोण. मोटर सुरू झाली की त्रिकोण तासकाट्यासमोर आणायचा. काटा कड्यावरच्या चारावर पोचला की पाळी संपली. मधे लाईट गेली तर जेवढा वेळ गेला तेवढं कडं पुढं सरकवायचं. आणि पाळी संपली की घड्याळ मनगटावरून सोडून दुसऱ्याच्या हातात द्यायचं. ज्याच्या हातात घड्याळ, त्याचं पाणी. यात वकिलाला बोलायला जागाच नव्हती.

आबा गेले, नियम राहिला. पहिली पाळी थोरल्या बब्रुवानची, दुसरी धनाजीची. दुपारी बब्रुवाननं घड्याळ द्यायचं आणि लाईट गेल्यावर धनाजीनं ते परत आणून द्यायचं. असे दोघं दिवसातून दोनदा विहिरीच्या काठावर समोरासमोर यायचे. एक म्हणायचा "घे", दुसरा म्हणायचा "बरं". परत देताना एक म्हणायचा "घ्या", दुसरा म्हणायचा "बरं". गेली दोन वर्षं दोघा भावांचं सगळं बोलणं एवढ्यावरच भागलं होतं.

कारण बैलं. बब्रुवानचा हात शिंगांवर लई चालायचा. पोळा आला की आसपासच्या वस्त्यांवरची बैलं त्याच्या दारात उभी राहायची. तो शिंगं साळायचा, गुळगुळीत करायचा, मग शेंदरी रंग आणि त्यावर बेगडाचे पट्टे. तेही असे की एक पट्टा दुसऱ्यापेक्षा केसभर रुंद सापडायचा नाही. आणि बैल धरायला धनाजी. शिंगं रंगवायला दोन माणसं लागतातच. एक हात चालवतो, दुसरा बैलाचं डोकं असं धरतो की बैलाला वाटावं आपणच उभे आहोत. धनाजी चड्डीत होता तेव्हापासून ते काम त्याचं. तो बैलाच्या कानात काहीबाही पुटपुटायचा. काय पुटपुटतो ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, पण बैल हलायचा नाही हे खरं.

तर दोन वर्षांमागं पोळा आठवड्यावर आला असताना धनाजीनं हरण्या आणि पाखऱ्या, घरची शेवटची जोडी, बाजाराला नेली आणि त्या पैशात ट्रॅक्टरमध्ये भागी घातली. दादाला विचारलं नाही. दादानं तेव्हाच रंगाचा नवा डबा आणून खुंटीला लावला होता. तो डबा तसाच बंद राहिला. बब्रुवाननं त्यानंतर कुणाच्याही बैलाच्या शिंगाला हात लावला नाही, आणि धनाजीशी घड्याळापलीकडे शब्द बोलला नाही. इतका मोठा माणूस, पण रुसायचं म्हटलं की पोरांना मागं टाकील असा.

आता झालं असं की घड्याळाच्या कड्याचा रंग उडायला लागला. चिखलाचे ओले अंगठे रोज त्याच जागी फिरणार, दुसरं काय होणार? आधी त्रिकोण गेला. मग चार गेला. मग बाकीचे आकडेही पुसट झाले आणि काळ्या रंगाखालचं पांढरं पोलाद डोकवायला लागलं. पाळी कुठं सुरू झाली आणि कुठं संपली याचा ताळमेळ बसेना. धनाजीकडं कुरकुर सुरू झाली की थोरल्याचं पाणी जरा जास्तच चालतंय. बब्रुवानकडं कुरकुर सुरू झाली की संध्याकाळी घड्याळ उशिरा परत येतंय. दोघांनाही वाटत होतं की रंग दुसऱ्याच्याच अंगठ्यानं उडाला.

धनाजीचा मुलगा शंभू, हिशेबी डोक्याचा तरणाबांड गडी, कंटाळून म्हणाला, "ह्या घड्याळाच्या नादात आपलं वाटोळं व्हायचं. आपली बोअर मारू. विहीर ठेवा म्हणावं थोरल्या तात्यांना." आणि धनाजी "बरं" म्हणाला. त्याला भावाशी बोलून बोलून "बरं"चीच सवय झाली होती.

ही बातमी कमलबाईनं, बब्रुवानच्या बायकोनं, भाकरी थापता थापता नवऱ्याला दिली. "येळवस झाली की बोअरची गाडी यायची म्हणं त्यांच्याकडं."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी इकडं सगळं घरदार शेतात जातं, कडब्याच्या कोपीपुढं भज्जी, भाकरी आणि आंबील घेऊन बसतं. ती अगदी तोंडावर आली होती.

"येऊ दे की," बब्रुवान म्हणाला. "आपल्याला पाणी जास्त मिळंल."

पण हातातली भाकरी त्यानं ताटात परत ठेवली. पाण्याचं त्याला काही नव्हतं. पाणी त्याच्या उसाला पुरून उरत होतं. बोअर झाली म्हणजे धनाजीला विहिरीवर यायचं कारण उरणार नव्हतं, हे त्याला सलत होतं. दुपारचं ते "बरं" आणि संध्याकाळचं ते "घ्या" बंद होणार होतं. त्याला भाऊ दिसायला हवा होता. रुसलेला का होईना, पण समोर उभा असलेला हवा होता. हे बायकोला सांगायची सोय नव्हती. ती म्हणाली असती, मग जाऊन बोला की. आणि तेवढं एक सोडून तो काहीही करायला तयार होता.

म्हणून त्यानं ठरवलं की कड्याचा रंग नीट करून आणायचा. आकडे दिसले की कुरकुर थांबेल, आणि कुरकुर थांबली की बोअर कशाला लागते?

मंगळवारी दुरुस्तीसाठी लाईट दिवसभर बंद असायची. तो दिवस गाठून बब्रुवान तुळजापूरला गेला. मंगळवार देवीचा वार, त्यामुळं स्टँडपासून गर्दी. त्या गर्दीतून वाट काढत तो राघवेंद्रच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात शिरला. राघवेंद्र पुजाऱ्यांच्या घरातला, पण त्याचा जीव लहानपणापासून चाकं-स्प्रिंगांत. मोबाईलची कव्हरं पुढं टांगून मागं तो डोळ्याला भिंग लावून बसायचा.

त्यानं घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं. "चांगलं आहे हो मशीन. रिंगचा रंग तेवढा गेलाय. रिंग काढायची, जुना रंग पूर्ण उतरवायचा, नवा मारायचा. आठवडाभर ठेवून जा."

"आठवडाभर?" बब्रुवान उडालाच. "आन् पाण्याचं काय करू?"

"पाणी शिरलंय का आत?"

"शिरलं न्हाय. ह्या घड्याळावर पाणी चालतंय आमचं."

राघवेंद्रनं डोळ्यावरचं भिंग काढून त्याच्याकडं पाहिलं. मग बब्रुवाननं त्याला सगळी पाळी समजावून सांगितली. राघवेंद्रला ती इतकी आवडली की त्यानं चहा मागवला. पण आठवड्याचं काम एका दिवसात करायला तो तयार झाला नाही.

"ऱ्हाऊ द्या मग," बब्रुवान म्हणाला. "घरीच रंगवतो."

"काका, तसलं काही करू नका. रिंग न काढता रंगवली तर रंग फटीत उतरतो आणि रिंग धरून बसते."

"म्या जल्मभर शिंगं रंगवल्यात."

"शिंगं फिरत नाहीत, काका."

बब्रुवानला हे बोलणं लागलं. काल मिसरूड फुटलेल्या माणसानं त्याला रंग शिकवावा! चहा अर्धा टाकून तो उठला आणि मिळेल त्या जीपनं जळकोटला आला.

घरी येऊन त्यानं अंगणात उन्हाला पोतं टाकलं. जुना रंग काढायला दाढीचं पातं आणि घासकागद घेतला. शिंग साळतात तसंच त्यानं कडं साळलं, हलक्या हातानं, एकाच दिशेनं. काळा रंग भुगा होऊन मांडीवर पडला. खालचं पोलाद असं चकाकलं की बब्रुवानचा स्वतःच्याच कौतुकानं ऊर भरून आला. हात विसरला नव्हता तर!

मग तो उठला आणि खुंटीचा तो डबा काढला.

कमलबाई धान्य निवडत बसली होती. डबा बघून तिचा हात थांबला. झाकण उघडलं तर वर रंगाची जाड साय धरलेली आणि खाली काकवीसारखा घट्ट गोळा. बब्रुवाननं साय बाजूला केली, मोटरसायकलमधून वाटीभर पेट्रोल काढलं आणि रंग पातळ केला. जरा जास्तच पातळ झाला. पण पुन्हा घट्ट होईपर्यंत थांबायला वेळ कुणाला होता? उद्या सकाळी लाईट येणार होती.

"घड्याळ हाय का बैल?" न राहवून कमलबाई म्हणाली. "शेंदरी रंग देताय त्याला!"

"तुला काय कळतंय? लांबून दिसाया पायजे."

"मग बेगड बी चिकटवा. गोंडं बांधा."

बब्रुवाननं तिच्याकडं दुर्लक्ष केलं. घड्याळ दोन्ही मांड्यांच्या बेचक्यात धरून त्यानं शेंदरी रंग दिला. दाराच्या चौकटीचा उरलेला पांढरा रंग घेऊन केरसुणीच्या काडीनं आकडे काढले. मांडी हलायची, घड्याळ कलायचं, रंग एका बाजूला ओघळायचा. तो ओघळ बोटानं पुसायचा आणि पुन्हा सुरू करायचा. दिवस मावळायच्या आत घड्याळ कट्ट्यावर वाळत पडलं. खरं सांगायचं तर ते सुरेख दिसत होतं. पोळ्याच्या मिरवणुकीत पहिला नंबर आला असता.

सकाळी लाईट आली. बब्रुवान ऐटीत विहिरीवर गेला, मोटर सुरू केली आणि त्रिकोण तासकाट्यासमोर आणायला कड्याला अंगठा लावला. कडं हललं नाही. जोर लावला. हललं नाही. उपरण्यात धरून पिळलं, तरी नाही. पातळ रंग रात्रभरात फटीत उतरून बसला होता आणि त्यानं कडं असं आवळलं होतं की राघवेंद्रनं पैज लावली असती तर जिंकला असता.

बब्रुवान खाली बसला. रंग गेलेलं घड्याळ निदान फिरत तरी होतं. आता आकडे सगळे होते आणि उपयोग शून्य होता. शंभूला हे कळलं की तो आजच बोअरवाल्याला बोलावणार. आपल्याच हातानं आपण भावाचं येणं बंद केलं, असं त्याला वाटलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं बाभळीचा काटा घेतला आणि ती फट कोरायला सुरुवात केली. पाळी किती झाली, तासकाटा कुठवर आला, कशाचंच भान राहिलं नाही.

किती वेळानं कोण जाणे, मोटरसायकलचा आवाज आला. धनाजी आला होता. त्यानं नेहमीसारखा हात पुढं केला. बब्रुवाननं घड्याळ उपरण्याखाली लपवलं.

धनाजी हात पुढं करून तसाच उभा राहिला. "घे" आलं नाही म्हटल्यावर "बरं" कशाला म्हणायचं हे त्याला सुचेना. दोन वर्षांत असा पेच आला नव्हता.

शेवटी बब्रुवाननंच घड्याळ पुढं केलं. धनाजीनं ते उन्हात धरलं. कड्याला अंगठा लावून बघितला. मग कडं नाकाजवळ नेलं.

"ह्यो रंग त्या पोळ्याचा न्हवं?"

"व्हय."

"अजून हुता?"

"कुठं जाणार? बैलं गेली, रंग ऱ्हायला."

धनाजी काठावर बसला. अगदी शेजारी नाही, पण बसला. पाण्याकडं बघत म्हणाला, "तवा इचारलं आसतं तर तुमी न्हाय म्हणला असता, दादा."

"म्हणलोच आसतो."

"म्हणून इचारलं न्हाय."

"ठावं हाय मला."

दोघांनाही हे आधीपासून ठाऊक होतं. दोन वर्षं नुसतं बोलायचं राहिलं होतं. बोलून झाल्यावर ते एवढंसंच निघालं म्हणून बब्रुवानला लाजही वाटली आणि हलकंही वाटलं.

धनाजीनं घड्याळ पुन्हा फिरवून बघितलं. "रंगवताना धरलं हुतं कुणी?"

"आँ?"

"घड्याळ कुणी धरलं हुतं म्हणतो."

"कुणी न्हाय. मांडीत धरलं. एकट्यानं."

"मग वघळणारच की! धरणारा नगं व्हय?" धनाजी इतका चिडून म्हणाला की बब्रुवानला हसू फुटलं. ते बघून धनाजीही हसला.

मग काम सुरू झालं. धनाजीनं गाडीतनं पेट्रोल काढलं, उपरण्याच्या काठाचा एक दोरा उसवला आणि त्यात भिजवला. एकानं घड्याळ घट्ट धरलं, दुसऱ्यानं दोरा फटीत घालून इकडून तिकडं ओढला. शेंदरी पाणी ओघळून बोटं रंगली. दोरा तुटला, दुसरा घेतला. मधेच शंभू बांधावर येऊन उभा राहिला, बाप आणि तात्या डोक्याला डोकं लावून बसलेले त्यानं पाहिले आणि आला तसा परत फिरला. अखेर कट् असा आवाज आला आणि कडं फिरलं. रंग, आकडे, सगळं निघून गेलं होतं. उरलं ते नुसतं कोरं पोलाद.

"जा, डबा आणा," धनाजी म्हणाला.

बब्रुवान धापा टाकत वस्तीवर गेला आणि डबा, काडी घेऊन आला. कमलबाईनं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "धनाजी धरतोय." ती दारात उभी राहून त्याच्या पाठीकडं बघत राहिली. मग आत जाऊन तिनं येळवशीच्या भज्जीचं, दोन्ही घरांना पुरेल असं मोठं पातेलं माळ्यावरून काढलं.

"आता समदं आकडं नगंत," धनाजी म्हणाला. "सुरू कुठं आन् संपतंय कुठं, येवढ्या दोन खुणा केल्या की झालं. मधलं आपण बघू."

त्यानं घड्याळ दोन्ही तळहातांत धरलं, रंग फटीकडं न जाता बाहेरच्या अंगाला यावा इतकं तिरकं, आणि असं स्थिर की काटे पुढं सरकत होते एवढीच काय ती हालचाल. बब्रुवाननं काडी बुडवली. धनाजी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायला लागला.

"मला सांगतुयास का घड्याळाला?"

"तुमी रंगवा की गुमान."

शेंदरी त्रिकोण उमटला, नेटका, कडेला धारदार. बब्रुवान चाराच्या खुणेकडं वळला. मोटर चालूच होती. पाळी कुणाची होती देव जाणे. उसाच्या सऱ्या भरून पाणी मधल्या बांधाच्या धुऱ्यावरून धनाजीच्या रानात उतरलं होतं आणि दोघांपैकी एकानंही मान वर करून पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात धनाजीच्या सदऱ्याच्या खिशातला फोन वाजला.

"बोअरवाला आसंल," तो म्हणाला.

"घे की."

"धरलंय न्हवं? हलू कसा?"

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजायला लागला. बब्रुवाननं चाराची खूण पूर्ण केली, काडी बाजूला ठेवली आणि शेंदरी बोटांनी भावाच्या खिशातून फोन काढून कानाला लावला. पलीकडचा माणूस गाडी कधी आणू म्हणून विचारत होता.

"धनाजीचं हात गुतल्यात," बब्रुवान म्हणाला.

"कवा मोकळं व्हतील?"

बब्रुवाननं धनाजीकडं पाहिलं. धनाजीनं हातातलं घड्याळ जराही हलू न देता नुसती मान हलवली.

"यंदा तर न्हाय," बब्रुवान म्हणाला आणि फोन परत भावाच्या खिशात ठेवला.